लोटस एलान : गाडीखाली शिरून लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. लोटस एलान ही साठच्या दशकातली इंग्लिश टू-सीटर वळणावर आजही भल्याभल्यांना पाणी पाजते, आणि देखभालीला इतकी नखरेल आहे की ज्याला स्वतःचे हात काळे करायची हौस नाही त्याने हिच्या वाटेला जाऊच नये. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार वॉटर पंपासाठी कापलाय, तो विषय पुढे येईलच.

आता मी हे कुठल्या अधिकाराने बोलतोय, तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी इंग्लंडमधे एका छोट्या स्पोर्ट्स कार कंपनीत कामाला होतो, फायबरग्लासच्या शॉपमधे, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात. कंपनीचं नाव सांगत नाही, ती लोटस नव्हती एवढं पुरे, आणि पुढे जे काही रडगाणं येईल ते आमच्याकडचं आहे, लोटसचं नाही. तिथला माझा एक सहकारी, इंजिनवर काम करायचा, त्याने रिटायर झाल्यावर एलानची एक एस३ ड्रॉपहेड घेतली, म्हणजे तिसऱ्या सिरीजची, कापडी टप वाली, आणि सगळी सुटी करून परत उभी केली. मी गेलो की किल्ली हातात देतो. तर हा रिव्ह्यू त्या गाडीचा, आणि थोडा आमच्यासारख्या लोकांनी हाताने बनवलेल्या सगळ्याच गाड्यांचा.

बाकीचे रिव्ह्यूवाले आधी दिसायला कशी आहे ते सांगतात. मी आधी जॅक लावून खाली शिरलो. हसू नका, या गाडीची खरी करामत खालीच आहे. चेसिस म्हणजे मधोमध जाणारा पत्र्याचा एक डबा, पुढे आणि मागे दोन दोन फाटे फुटलेला, बस. पत्रा दुमडून वेल्डिंग केलेलं. मोठी ताकदवान फ्रेम वगैरे काही नाही, नुसती चेसिस एकटा माणूस उचलून बाजूला ठेवेल. आणि गंमत अशी की ही चेसिस मुळात गाडीसाठी नव्हतीच. आधीची लोटस एलीट, १९५७ ची, तिला चेसिसच नव्हती, अख्खी गाडी फायबरग्लासची, दिसायला देखणी पण बनवायला इतकी महाग की कंपनीला त्यात नुकसानच व्हायचं. एलानही तशीच करायची असं चाललेलं, पण बॉडी तयार नव्हती आणि सस्पेन्शन तर टेस्ट करायचं होतं, म्हणून लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने तात्पुरती म्हणून ही पत्र्याची चेसिस काढली, आणि ती इतकी चांगली निघाली की तीच ठेवली. १९६२ ला लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या शोमधे गाडी आली ती त्याच चेसिसवर. छोट्या कंपनीत हे असंच होतं. मीटिंगा घेऊन, फाइली फिरवून नाही, काम अडलं म्हणून कोणीतरी काहीतरी जुगाड करतो आणि तो जुगाड दहा वर्षं विकला जातो.

बॉडी रॉन हिकमनची. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, आधी फोर्डमधे होता. त्याची दुसरी ओळख सांगितली की सुतारकाम करणारे लगेच ओळखतील, घडीचं वर्कबेंच, वर्कमेट, ते याच माणसाचं डोकं. पुढे ब्लॅक अँड डेकरने ते जगभर विकलं. एलानमधेही त्याची तशीच कारागिराची बुद्धी दिसते. उदाहरणार्थ, फायबरग्लासला बोल्ट कसा मारायचा हा आमचा रोजचा डोकेदुखीचा प्रश्न. भोक पाडून नट आवळला की आजूबाजूला केसासारख्या चिरा जातात, आज नाही तर दोन वर्षांनी जातातच. एलानमधे धातूची बॉबिनं, म्हणजे रिळासारखे छोटे तुकडे, बॉडी ओततानाच आत बसवलेली आहेत, ताण त्या बॉबिनवर, फायबरवर नाही. मी व्हील आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या, आत हात घालून एक चाचपलं आणि मनात म्हटलं, आमच्याकडे हे असतं तर माझी निम्मी दुरुस्ती वाचली असती.

हे काम चालायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण फायबरग्लास म्हटलं की लोकांना वाटतं प्लास्टिकसारखं मशीनमधून टपाटप निघत असेल. अजिबात नाही. आधी मोल्डला, म्हणजे साच्याला, मेण लावून घासायचं, परत लावायचं परत घासायचं, कारण एक कोपरा जरी सुटला तर बॉडी मोल्डला चिकटते आणि मग दोन्हीची वाट लागते. मग जेलकोट, म्हणजे रेझिनचा पहिला थर, तो ब्रशने, सगळीकडे सारखा जाड, हाच पुढे गाडीचा बाहेरचा चेहरा होणार. तो वाळू द्यायचा पण पूर्ण नाही, बोट लावलं की चिकटलं पाहिजे पण बोटाला आलं नाही पाहिजे, तो क्षण पकडायचा. मग काचेच्या तंतूची मॅट फाडून (कापून नाही बरं का, कापली की कडा उमटते) एकेक तुकडा लावायचा, वरून रेझिन, म्हणजे तंतूंना धरून घट्ट होणारा चिकट द्रव, आणि मग खाचांचा लोखंडी रोलर फिरवत बसायचं, फिरवत बसायचं, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो उन्हात फुगणार आणि गिऱ्हाईक बोंबलत येणार. रेझिनमधे हार्डनर घातला की घड्याळ सुरू. थंडीत गोठता गोठत नाही म्हणून कोणी जास्त घातला तर डबा हातात तापतो, धूर निघायला लागतो, मग तो डबा उचलून अंगणात पळायचं. आमच्याकडे हिवाळ्यात हा कार्यक्रम नेहमीचा होता, फोरमन शिव्याही द्यायचा नाही, नुसतं दार उघडून धरायचा.

बॉडी मोल्डमधून सुटताना जो आवाज येतो तो मी कोणालाही शब्दात सांगू शकलेलो नाही. कडेने लाकडी पाचरी हळूहळू ठोकत जायच्या, फटीत पाणी सोडायचं, सगळे गप्प, आणि मग एक कडाड्. एक तर ती सुटली किंवा फुटली, वाकून बघेपर्यंत कळत नाही. त्यानंतरचं काम मात्र कोणाला नको असायचं, कडा ग्राइंडरने साफ करणं. ती काचेची पूड कॉलरमधून आत जाते आणि रात्रभर खाज. रेझिनमधल्या स्टायरीनचा वास तर कपड्यातून जायचाच नाही, बसमधे शेजारी कोणी बसायचं नाही, जागा ऐसपैस मिळायची तेवढा एक फायदा. आज मास्क, एक्झॉस्ट, हातमोजे सगळं आहे, तेव्हा आमच्या शॉपमधे एक क्रीमचा डबा असायचा आणि तो बहुतेक वेळा रिकामा.

तर या नजरेने एलानची बॉडी बघितली. वरून रंग आता नवा आहे, त्यावरून काही कळत नाही, पण व्हील आर्चच्या आत जिथे मोल्ड लागत नाही तिथे मॅटचे तंतू उघडे दिसतात आणि रोलर कसा फिरलाय ते वाचता येतं. डाव्या बाजूला काम सफाईदार आहे, उजव्या बाजूला एका कोपऱ्यात रेझिन साचलंय, म्हणजे इथे दुसरा हात होता किंवा शिफ्ट संपत आलेली. हा दोष म्हणून सांगत नाहीये. पत्र्याच्या गाडीत हे कधी दिसणारच नाही, प्रेसमधून सगळे पत्रे एकसारखे.

या छोट्या कंपन्या इतक्या निघाल्या का आणि एकदम गळाल्या का, हे आमच्या कॅन्टीनमधे रोज चघळलं जायचं. फायबरला प्रेस लागत नाही, डाय लागत नाही, एक शेड, एक मोल्ड, चार माणसं की बॉडी तयार. वेल्समधे गिल्बर्न नावाची कंपनी होती, ती एका खाटकाने आणि एका जर्मन इंजिनिअरने मिळून काढलेली, खोटं वाटेल पण खरंय. ब्लॅकपूलला टीव्हीआर, एसेक्समधे वॉकलेट भावांची जिनेटा, जेम मार्शची मार्कोस. इंजिन फोर्डकडून आणा, बाकीचं इकडून तिकडून. आणि दुसरं कारण टॅक्स. तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक किट घ्यायचे आणि घरी गॅरेजमधे जोडायचे. एलानसुद्धा किटमधे मिळायची, जोडलेल्या गाडीपेक्षा शेकडो पौंड स्वस्त. १ एप्रिल १९७३ ला परचेस टॅक्स गेला, व्हॅट आला, आणि किटचा तो फायदा एका दिवसात संपला. त्याच वर्षाच्या शेवटी तेलाचं संकट, आणि आमचं रेझिनही तेलातूनच येतं. गिल्बर्न त्याच सुमारास बंद झाली, एलानचं टू-सीटर मॉडेलही १९७३ लाच थांबलं. मी कामाला लागलो तेव्हा उरल्यासुरल्या कंपन्या तग धरून होत्या एवढंच.

इकडून तिकडून आणणं एलानमधेही भरपूर आहे. इंजिनचा ब्लॉक फोर्डचा, त्यावर लोटसचं स्वतःचं ट्विन कॅम, म्हणजे दोन कॅमशाफ्टचं, हेड, ते हॅरी मंडीने डिझाइन केलेलं. १५५८ सीसी, एस३ मधे १०५ बीएचपी. गिअरबॉक्स फोर्डचा, पुढच्या सस्पेन्शनचे काही भाग ट्रायम्फचे. पण चाराही चाकांना डिस्क ब्रेक, चाराही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, १९६२ साली हे म्हणजे सोन्याहून पिवळं. वजन सातशे किलोच्या आतबाहेर. आपल्याला कळेल असं सांगायचं तर मारुती ८०० पेक्षा थोडीशीच जड, रुंदीला जवळपास तेवढीच, आणि ताकद अडीच पटीहून जास्त.

आता चालवण्याबद्दल. मला वाटलेलं स्पोर्ट्स कार म्हणजे कंबर मोडणार, आमच्याकडच्या गाड्या तशाच असायच्या, स्प्रिंगा दगडासारख्या, कारण चेसिस पिळायची म्हणून सस्पेन्शन कडक ठेवून ती लपवायची. एलानमधे उलटं. चेसिस ताठ आहे म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवता आल्यात, खड्डा आला की चाक खाली जातं, वर येतं, तुम्ही जिथे आहात तिथेच. नॉरफोकच्या गावाकडच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूला झुडपं, मधे ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, तिथे मी तिला मुद्दाम खराब रेघेवर घातली तरी स्टेअरिंग हिसकत नाही. आणि ते स्टेअरिंग! पॉवर स्टेअरिंग नाही, तरी दोन बोटांनी फिरतं, आणि टायर ओल्यावर गेला की कोरड्यावर आला हे तळव्याला कळतं. मॅकलारेन एफ१ बनवणारा गॉर्डन मरे अजूनही एलानच्या स्टेअरिंगचं उदाहरण देतो, तर मी कोण नाही म्हणणारा.

गिअर छोटे, खटाखट पडतात. इंजिन चार हजार आरपीएमच्या पुढे आवाज बदलतं, दोन वेबर कार्ब्युरेटर हवा ओढतात तो आवाज उजव्या गुडघ्याच्या पलीकडून येतो, आणि तेव्हा कितीच्या स्पीडने चाललोय ते बघावंसं वाटत नाही. खरं तर फार स्पीड नसतोच. या गाडीत साठ मैलालाच नव्वदची मजा येते, आणि लायसन्स शाबूत राहतं.

एक सवय करून घ्यावी लागते. मागच्या ड्राइव्ह शाफ्टला रबराचे मोठे डोनट आहेत, रोटोफ्लेक्स म्हणतात, क्लच सोडला की आधी ते रबर पिळतं आणि मग गाडी निघते. नवखा माणूस ट्रॅफिकमधे बेडकासारख्या उड्या मारत जातो. क्लच एका दमात, न घाबरता सोडायचा. बरेच जण ते रबर काढून दुसरे जॉइंट बसवतात. माझ्या मित्राने रबरच ठेवलंय, त्याचं म्हणणं ते धक्का खातं म्हणून पुढचे भाग टिकतात. यावर आमचं एकमत नाही, मी असतो तर बदलले असते, रबर जुनं झालं की फाटतं आणि फाटताना आजूबाजूचं घेऊन जातं.

बसायला जागा आहे का? आहे, आश्चर्य म्हणजे बऱ्यापैकी आहे. उंच माणूसही पाय लांब करून बसतो. पण गाडीची उंची एवढी कमी की सिग्नलला शेजारी ट्रक थांबला तर त्याचा चाकाचा नट आपल्या डोळ्यासमोर येतो. एस३ पासून काचा इलेक्ट्रिक आल्या, आधीच्या हाताने वर ओढायच्या. डॅशबोर्ड लाकडी. हँडब्रेक डॅशखाली छत्रीच्या दांड्यासारखा, चढावर थांबलं की तो शोधण्यात जीव टांगणीला. टप मात्र चांगला बसलाय. आमच्या ट्रिम शॉपमधे युगांडातून आलेले एक गुजराती काका होते, शिवणाचे जादूगार, ते म्हणायचे की टप कसा आहे हे पावसात नाही, तर पाऊस थांबल्यावर गाडी वळणावर घातली की कळतं, घडीत साचलेलं पाणी मांडीवर येतं का बघ. मी बघितलं. आलं नाही.

आता तक्रारी, आणि या काही माझ्या मित्राच्या गाडीपुरत्या नाहीत, एलानवाल्या कोणालाही विचारा. वॉटर पंप. तो इंजिनच्या पुढच्या कव्हरच्या आतच बसवलाय, त्यामुळे पंपाचं बेअरिंग गेलं की साधं पंप बदलणं म्हणजे हेड उतरवा, कव्हर काढा, अर्धं इंजिन बाकावर. जागा वाचवायला, वजन वाचवायला केलं असेल, पण हे डिझाइन करणाऱ्याला एकदा थंडीत रस्त्याच्या कडेला तो बदलायला लावला पाहिजे होता. म्हणून फॅन बेल्ट कधीही गरजेपेक्षा जास्त आवळू नका, बेअरिंग त्यानेच जातं.

दुसरं, हेडलाइट. ते बॉनेटमधे लपतात आणि व्हॅक्यूमने वर येतात. व्हॅक्यूमची टाकी म्हणून चेसिसचा पुढचा आडवा डबाच वापरलाय, एका वस्तूत दोन कामं, चॅपमनची खास खोड. कागदावर झकास. पण तो डबा आतून गंजतो, बारीक भोक पडतं, व्हॅक्यूम धरत नाही, आणि मग लाइट हळूहळू पापण्या मिटल्यासारखे खाली यायला लागतात, तेही रात्री. म्हणजे लाइट सुस्त झाले तर बल्ब बघू नका, चेसिस बघा. गंजलेली चेसिस ठिगळं लावून चालवण्यात अर्थ नाही, गॅल्वनाइज केलेली बदली चेसिस मिळते, ती टाका.

तिसरी गोष्ट इलेक्ट्रिकलवाल्यांना माहीत असेल. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते, फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक हॉर्नला अर्थची वेगळी वायर. जुन्या फायबरच्या गाडीत इंडिकेटर दिला आणि डॅशचे दिवे मिचमिचले तर दहातल्या नऊ वेळा अर्थच सैल असतो. हे मी आमच्याकडे शिकलो, आणि बाहेरचे मेकॅनिक यावर तास तास बिल लावायचे ते बघून हसायचो. आणि गाडीत फायर एक्स्टिंग्विशर ठेवाच, गरम एक्झॉस्ट, पेट्रोलचे जुने पाइप आणि फायबर, हे तिन्ही एकत्र नांदवायचे म्हणजे काळजी हवी.

ज्यांना हे सगळं वाचून घाम फुटला त्यांनी सरळ माझदा एमएक्स-५ घ्यावी. १९८९ ला ती आली तेव्हा माझदाने एलानचा अभ्यास केलेला होता हे दिसतंच, आणि ती रोज सकाळी किल्ली फिरवली की चालू होते. मजा आहे तिच्यात, भरपूर आहे. पण खाली शिरून बघावं असं तिच्यात काही नाही, निदान माझ्यासारख्याला.

घ्यायचीच असेल तर रंगावर जाऊ नका, रंग कोणीही मारतो. बॉडीवर बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर दाराच्या बिजागराजवळ आणि पुढच्या कोपऱ्यांवर बोटाने दाबून बघा, नुसता जेलकोट तडकलाय की आत मॅट सुटलीय. मॅट सुटली असेल तर आवाज बद्द येतो. ती जागा घासून परत लॅमिनेट करणारा हात आता मिळणं कठीण, आणि जो मिळेल तो वेळेचे पैसे घेईल, घ्यावेतच. सगळ्यात जोरदार इंजिन एलानच्या स्प्रिंट मॉडेलचं, १९७१ पासूनचं, मोठ्या व्हॉल्व्हचं १२६ बीएचपी, पण तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज आहे असं मला वाटलं नाही, १०५ मधे या गाडीचं काही अडत नाही. मागे पोरं बसवायची असतील तर १९६७ ला आलेली प्लस टू बघा, लांबरुंद आहे, लहान मुलं मागे मावतात, आणि तिचे भाव टू-सीटरएवढे चढलेले नाहीत.